आजीच्या वहीतला तोळा आणि आजच्या काट्यावरचे ग्रॅम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि वहीच्या पानाचा फोटो मोठा करून बघितला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तासगावच्या तुमच्या आजी गेल्या वर्षी गेल्या. आजोबांच्या हातची १९५३ सालची एक वही सापडली. तीत तीन डाग, म्हणजे दागिने, लिहिलेत: पाटल्या जोड ५ तोळे, बोरमाळ २। तोळे, ठुशी १॥। तोळे. तुम्ही डाग सांगलीत दोन ठिकाणी वजन करून घेतले. काट्यावर पाटल्या ५७.१०० ग्रॅम, बोरमाळ २५.४८० आणि ठुशी २१.९०० भरली, म्हणजे एकूण १०४.४८० ग्रॅम. ग्रॅम दोन्हीकडे तेच आले. पण एक सराफ म्हणाला, "साडेदहा तोळ्याला किंचित कमी." दुसरा म्हातारा सराफ म्हणाला, "नऊ तोळ्याला जरासं कमी." आणि चुलतभाऊ म्हणतात की वहीत बोरमाळच २१ तोळ्यांची लिहिली आहे, मग बाकीचं सोनं कुठं गेलं? शेवटची बारा वर्षं आजी तुमच्या आईकडे होत्या.

दोघांतला कुठला सराफ खरा, असं तुम्ही विचारलंय. पण तुमच्या लिहिण्यातून कळतंय की मनाला लागलंय ते आईवर आलेलं बोट. म्हणून आधी त्याचंच बोलतो, तोळ्याचा हिशोब मागून करू.

माझ्याविषयी एवढंच सांगतो की आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या अंगाचं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत, कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफ पेठेत जा, सोनं गाळणारा आपल्याकडचा माणूस भेटतो. मी १९७८ साली वडिलांच्या हाताखाली बसलो, पुढं काही वर्षं केरळात त्रिशूरला गलाईचं काम केलं आणि नंतर सांगलीत येऊन स्थिरावलो. जुन्या वह्या आणि जुने डाग घेऊन येणारी माणसं आजही महिन्याला दोनतीन तरी येतात. त्यांत निम्म्यांचं भांडण सोन्यापेक्षा वाचण्यात असतं.

तुमचं तसंच आहे. तो आकडा २१ नाही, २। आहे. सव्वादोन.

आजोबांच्या पिढीत पाव, अर्धा, पाऊण लिहायची रीत उभ्या काठ्यांची होती. आकड्याच्या पुढं एक काठी म्हणजे पाव, दोन काठ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, २॥ म्हणजे अडीच. ठुशीच्या पुढं "एक आणि तीन रेघा" आहेत, त्या कळत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. ते १॥।, म्हणजे पावणेदोन. आणेवारीचे हिशोब, धान्याची मापं, शेताचे वाटे, सगळीकडे हेच चालायचं. दशमान पद्धत आली आणि दीडाचं १.५ झालं. शाळेत काठ्या शिकवणं थांबलं आणि एका पिढीत ते अक्षरच डोळ्यांना परकं झालं. इंग्रजी एक उभ्या काठीसारखा असतो, म्हणून आजच्या माणसाला २। दिसलं की तो एकवीस वाचतो. तुमच्या भावांची चूक प्रामाणिक असू शकते, हे मनात ठेवूनच त्यांच्याशी बोला.

माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. पुरावा त्याच पानावर आहे. ठुशीच्या ओळीतला पहिला आकडा बघा. तो आजोबांच्या हातचा एक आहे, मराठी १, वर गोल डोकं आणि खाली मारलेली शेपटी. वर १९५३ लिहिलंय, तिथलाही एक तसाच आहे. आता बोरमाळेच्या ओळीत दोनाच्या पुढं बघा. तिथं डोकं नाही, शेपटी नाही, नुसती सरळ काठी आहे. ज्या माणसानं एकाच पानावर दोनदा डोक्याचा १ काढला, तो मधल्याच ओळीत बिनडोक्याचा कशाला काढेल? मोबाइलवर फोटो मोठा करा आणि भावांना तिन्ही जागा शेजारी शेजारी दाखवा.

दुसरी गोष्ट वजनाची. एकवीस जुने तोळे म्हणजे जवळजवळ २४५ ग्रॅम. पाव किलोची बोरमाळ! बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ, आत लाख भरलेली. बाई रोज गळ्यात घालू शकेल म्हणून तर तो डाग तसा करतात. पाव किलोचा डाग गळ्यात घालून चुलीपुढं बसता येत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो बोरमाळा गेल्या. सव्वादोन तोळे हे अगदी घरंदाज, नेहमीचं वजन आहे.

तिसरी गोष्ट बेरजेची. पाच, सव्वादोन आणि पावणेदोन मिळून बरोबर नऊ होतात. काठ्या काठ्यांना मिळून पूर्णांक येतो. हिशोबी माणूस अशा यादीखाली रेघ मारून बेरीज लिहितोच, पण तुमच्या फोटोत पानाचा खालचा भाग कापला गेलाय.

आता तोळा. तुमचे दोन्ही सराफ खरं बोलले, पण दोघांचा तोळा वेगळा.

जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. इंग्रजांनी १८३३ साली तो १८० ग्रेनचा ठरवला. ग्रेन हे त्यांचं बारीक वजन. चांदीचा रुपया तेवढ्याच वजनाचा पाडला, म्हणून तोळा आणि रुपयाभार हे शब्द एकाच वजनाचे झाले. त्याआधी गावोगावचा तोळा थोडाफार वेगळा असायचा. आपल्याकडे तर सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थानंच होती. १९५३ सालची वही म्हणजे संस्थानं विलीन झाल्यानंतरची आणि मेट्रिक वजनं यायच्या आधीची. त्यामुळं आजोबांचा तोळा ११.६६४ चाच, त्यात मला शंका नाही.

या तोळ्याच्या पोटात १२ मासे आणि एका माशाच्या पोटात ८ गुंजा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. मासा ०.९७२ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची. वाल हेही वजन होतं, तीन गुंजांचा एक वाल. नथीसारखे लहान डाग मासे, वाल आणि गुंजांतच लिहिलेले सापडतात. सव्वा तोळा म्हणजे १ तोळा ३ मासे, त्यामुळं कुणाच्या वहीत काठ्यांऐवजी मासे लिहिलेले असतील तर गोंधळू नका.

वडिलांची वजनांची लाकडी पेटी अजून माझ्याकडे आहे. झाकण सरकवलं की आत कोरलेल्या खळग्यांत पितळेची वजनं बसलेली, तोळ्याचं, सहा माशांचं, तीन माशांचं, एका माशाचं. कोपऱ्यातल्या खणात खऱ्या गुंजा आहेत, लाल अंगाच्या, काळ्या टिक्क्याच्या. पोरगा होतो तेव्हा वडील मला गुंजा निवडायला बसवायचे. एका पारड्यात माशाचं वजन ठेवायचं, दुसऱ्यात आठ गुंजा. कधी पारडं वर राहायचं, कधी खाली जायचं. मग एकेक गुंज बदलत बसायचं, काटा मधोमध उभा राहीपर्यंत. सगळ्या गुंजा सारख्या नसतात, सारख्या निवडाव्या लागतात. वाळून हलकी झालेली गुंज बाजूला काढायची, चिरलेली टाकून द्यायची. पेटी मात्र आमच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर असायची, कारण गुंजेचं बी चावलं तर विषारी असतं. कुणाच्या घरी अशी पेटी असेल तर लहान मुलांपासून दूर ठेवा.

मग दहा ग्रॅमचा तोळा आला कुठून? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. कायद्यानं तोळा गेला, तरी तो लोकांच्या तोंडातून जाईना. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सांगायची पद्धत पडली. दहा हा आकडा हिशोबाला सोपा आणि तोळ्याच्या जवळचा, त्यामुळं जुनं नाव नव्या वजनाला चिकटलं. आज कुठल्याही पेढीवर तरुण माणसाला विचारा, तोळा म्हणजे दहा ग्रॅम असंच तो सांगेल. तो फसवत नाही, त्याला तेच ठाऊक आहे. म्हणून तुमचे १०४.४८० ग्रॅम त्याच्या तोळ्यानं जवळजवळ साडेदहा आणि म्हाताऱ्या सराफाच्या तोळ्यानं आठ तोळे साडेअकरा मासे, म्हणजे नऊला अर्धा मासा कमी. सोनं तेवढंच.

असं अनेक वजनांचं झालंय. तुम्ही मंडईत पावशेर मिरची मागता तेव्हा अडीचशे ग्रॅम मिळते ना? खरा पावशेर वीस तोळ्यांचा, २३३ ग्रॅमचा. तिथं नाव तेच राहून माल वाढला. तोळ्याचं उलटं झालं, नाव राहिलं आणि माल जवळजवळ सातवा हिस्सा घटला. त्रिशूरला असताना तिकडच्या बायका 'पवन'मध्ये बोलायच्या. पवन म्हणजे आठ ग्रॅम. तो इंग्रजी सोन्याच्या नाण्यावरून आला आणि ते नाणं ७.९८८ ग्रॅमचं. तिथं पूर्णांक करताना कुणाचं काही गेलं नाही. आपल्या तोळ्यात एका तोळ्यामागं १.६६४ ग्रॅमचा फरक पडतो आणि तो कुणाच्या तरी पदरातून जातो.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. नव्वदच्या दशकात आटपाडीकडची एक विधवा बाई माझ्याकडे आली होती. वाटणीच्या कागदावर "प्रत्येकी तीन तोळे" असं लिहिलेलं. सोनं सासूच्या काळातलं, जुन्या तोळ्यानं मोजलेलं. दिरानं तिच्या हातावर बरोबर ३० ग्रॅम ठेवले. तिच्या हिश्श्याला ३५ ग्रॅम यायला हवे होते. कागदावर ग्रॅमचा उल्लेखच नव्हता आणि दोन्ही अर्थ निघत होते. पाच ग्रॅम तिच्या डोळ्यांदेखत गेले. मी काट्यावर वजन करून फरक दाखवू शकलो, पण कागद बदलून देऊ शकलो नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की तोळा बोलण्यात ठेवा, कागदावर ग्रॅम लिहा.

आता तुमचे तीन डाग एकेक करून बघू. वहीशी तंतोतंत जुळले असते तर मलाच संशय आला असता.

पाटल्या. वहीत पाच तोळे, म्हणजे ५८.३१९ ग्रॅम. आज ५७.१००. सव्वा ग्रॅमच्या आसपास घट, शंभराला दोन. आजींनी त्या रोज घातल्या असतील, तर सत्तर वर्षांची ती झीज आहे. पाटली एकटी नसते, पुढंमागं काचेच्या बांगड्या असतात, दिवसभर एकमेकींवर घासतात. राखेनं भांडी घासणं, जात्यावर बसणं, सगळं त्या हातांनी झालेलं. पाटलीची आतली कड बघा. ती गुळगुळीत आणि बाहेरच्या कडेपेक्षा पातळ लागली, तर ती रोजच्या वापरातली आहे. अशा पाटल्यांना एवढी घट मी कितीदा बघितलीय. आजींनी त्या फक्त सणाला घातल्या असत्या तर मात्र एवढी घट पटली नसती, हे आईला विचारून खात्री करा.

बोरमाळ. सव्वादोन तोळे, म्हणजे २६.२४४. आज २५.४८०. पाऊण ग्रॅम कमी. मणी मोजा. माळ गाठवताना एखादा मणी निसटतो, चेपलेला मणी काढून ठेवला जातो, कधी लेकीच्या पोतीत घातला जातो. आजींच्या डब्यात, करंड्यात, जुन्या पुरचुंडीत एकदोन मणी सापडले तर नवल वाटून घेऊ नका. मणी सगळे असतील तर लाख बघायची. फुटलेल्या मण्यातून लाख गळते आणि वजन उतरतं. दोऱ्याचंही वजन असतं.

ठुशी. हिचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण माझं लक्ष हिच्यावरच गेलं. वहीत पावणेदोन तोळे, २०.४१२ ग्रॅम. आज २१.९००. दीड ग्रॅम जास्त! सोनं वाढत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी वाढलंय. बहुतेक मागचा गोंडा नवा आणि जाड बसवलाय, किंवा मध्ये खड्याचं पदक मागून जोडलंय. आजोबांनी गोंड्याशिवायचं नुसतं सोन्याचं वजन लिहिलं असेल, हेही शक्य आहे. गोंडा सोडवून ठुशी पुन्हा काट्यावर ठेवा.

ठुशीच्या या वाढीनं बाकीची घट झाकली गेली आणि एकूण बेरीज नऊ तोळ्यांच्या अगदी जवळ आली. नऊ जुने तोळे १०४.९७४ ग्रॅमचे, तुमचे १०४.४८०. फरक अर्ध्या ग्रॅमचा. गोंडा काढल्यावर हा फरक दोन ग्रॅमपर्यंत जाईल. तेव्हा घाबरू नका आणि लपवूही नका. आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर त्यावरून नवं बोलणं निघणार नाही. सत्तर वर्षं अंगावर वापरलेल्या नऊ तोळ्यांत दोनतीन ग्रॅमची घट ही माझ्या मते सोनं जपून ठेवल्याचीच खूण आहे.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर बोरमाळ २१ धरली तर होणारे पावणेअठ्ठावीस तोळे वहीत कधीच नव्हते, नऊ होते. ते नऊ आजही घरात आहेत. साडेदहा हा त्याच सोन्याचा दहा ग्रॅमच्या तोळ्यातला आकडा.

काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. डाग तेच आहेत की मधे मोडून पुन्हा घडवलेत, हा मोठा प्रश्न. १९६२ ला चीनचं आक्रमण झालं तेव्हा घराघरांतून सोनं दिलं गेलं. १९६३ ला सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे डाग करायला बंदी आली, कित्येक सोनारांची चूल विझली. ७२ च्या दुष्काळात आपल्या पूर्व भागात घरटी डाग गहाण पडले, काही सुटले, काही सुटलेच नाहीत. तुमच्या डागांवर मोडतोडीची खूण फोटोत तरी दिसत नाही. पाटलीचा जोड जुन्या हाताचा वाटतो. पण हातात घेतल्याशिवाय शपथ घेऊन सांगणार नाही.

दुसरं म्हणजे वजनावरून कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, कळत नाही. तोळा सोन्याचं किती ते सांगतो, कसं ते सांगत नाही. या डागांवर हॉलमार्क नसणारच, आपल्याकडे हॉलमार्कची सक्ती २०२१ पासूनची. घरातल्या जुन्या डागावर छाप नाही म्हणून तो ठेवायला किंवा विकायला अडचण नाही, छापाशिवाय न विकायचं बंधन सराफावर आहे. कस बघायचा तर हॉलमार्किंग केंद्रात कॅरेट मीटरवर तपासून घ्या. हे यंत्र वरच्या थराचंच वाचतं, म्हणून पाटली दोनतीन ठिकाणी लावायला सांगा, एकदा जोडाजवळही. तिथं डाख, म्हणजे सांधायचा मिश्रधातू, असतो आणि आकडा थोडा कमी येतो. बोरमाळेचा आकडा आला तरी आत लाख किती ते यंत्राला कळत नाही. "गाळून बघूया" असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. माझं अर्धं आयुष्य गाळण्यात गेलंय. गाळलं की खरं सोनं किती ते नक्की कळतं, पण आजींची बोरमाळ पुन्हा उभी राहत नाही. वाटणीसाठी डाग मोडायचेच असं सगळ्यांनी ठरवलं तरच गाळा, आणि तेव्हा सगळ्यांनी भट्टीपाशी हजर राहा.

वाटणी करायची झाली तर माझा आग्रह असा की दोन्ही घरची माणसं एकाच वेळी एका पेढीवर जा. काट्यावर वैधमापनाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा. वजन करताना पंखा बंद करायला सांगा, इतक्या बारीक काट्याला वारा लागतो. रिकाम्या काट्यावर शून्य आलेलं सगळ्यांनी बघा. मग एकेक डाग वेगळा ठेवून तीन दशांशांपर्यंत आकडा लिहून घ्या. एकूण वजन आणि दोरा, गोंडा, लाख, खडे वजा जाता निव्वळ वजन, असे दोन्ही. लाखेचा अंदाज सराफ सांगेल, तो अंदाजच आहे असं कागदावर लिहा. कागदावर तोळा हा शब्द येऊच देऊ नका. कुणी "वहीत नऊ तोळे आहेत, म्हणजे नव्वद ग्रॅम" असा सरळ हिशोब मांडला, तर पंधरा ग्रॅम वाटणीबाहेर राहतील.

चांदीचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. "करंडा ४० भार" म्हणजे चाळीस तोळेच, चांदीला आपल्याकडे भार म्हणायची पद्धत. साधारण ४६७ ग्रॅम, जुना अर्धा शेर. कुंकवानं आणि घासण्यानं चांदी सोन्याहून जास्त झिजते, त्यामुळं तिथं फरक मोठा आला तरी चालेल.

भाऊ एवढ्यावरही ऐकत नसतील, तर एक करून बघा. आजींच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया असेलच, राणी छाप किंवा पंचम जॉर्जचा, नाहीतर सहाव्या जॉर्जचा. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मी केली, पण वजन तेच ठेवलं, त्यामुळं कुठलाही चालेल. पेढीवर जाताना तो बरोबर न्या. डाग ठेवायच्या आधी सगळ्यांसमोर तो रुपया काट्यावर ठेवायला सांगा. फार झिजलेला नसेल तर ११.५ ते ११.६६ च्या मधे आकडा येईल. आजोबांचा तोळा किती ग्रॅमचा होता हे मग कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, हळदीकुंकवाचे डाग पडलेला तो रुपयाच सांगेल. मी अशा चार कुटुंबांत हे केलंय. तीन ठिकाणी बोलणं तिथंच थांबलं. चौथ्या ठिकाणी भांडण जमिनीचं होतं, सोनं फक्त निमित्त होतं.

आणि वहीच्या त्या पानाचा तळापर्यंतचा फोटो नक्की टाका. खाली रेघ असेल, रेघेखाली ९ असेल असं मला वाटतं. दुसरा आकडा निघाला तर तोही लपवू नका, मी पुन्हा बसून हिशोब करून देईन.